मालक खुर्चीतून उठत नाहीत

पत्र:

सिस्टर, नमस्कार. आमचे मालक ६७ वर्षांचे. अशोक चौकाच्या मागे एका कारखान्यात ३८ वर्षं यंत्रमागावर होते. दोन वर्षांपूर्वी कारखानदाराने माग भंगारात घातले, तेव्हापासून घरीच आहेत. मे महिन्यात रात्री दोन वाजता डाव्या कुशीत कळ आली, गडाबडा लोळले. सोनोग्राफीत ७ मिलिमीटरचा खडा मूत्रनळीत अडकलेला निघाला. अजून एक ५ मिलिमीटरचा किडनीत खालच्या बाजूला आहे. अडकलेला लेझरने फोडला आणि आत नळी ठेवली. तीन आठवड्यांनी काढायला या म्हणाले होते, पण तोवर कळ थांबली होती, परत दवाखाना नको म्हणून राहून गेलं. आता नऊ आठवडे झाले. घरी आल्यावर चौथ्या दिवशी दत्त नगरपर्यंत चालून आले आणि लघवी गुलाबी झाली. तेव्हापासून 'खडा हलला' म्हणून खुर्चीत बसून आहेत. सारखं लघवीला जावं लागतं, म्हणून देवळातही जात नाहीत. मीही चालू नका म्हणते. नणंदबाई पानफुटीची पानं आणून देतात. मी दूध, टोमॅटो, वांगं सगळं बंद केलंय, शेंगा चटणीची बरणी वरच्या फळीवर ठेवलीय. पण आता ते बोलतच नाहीत. पहाटे तीनला उठून बसतात. भाकरी अर्धी टाकतात. परवा म्हणाले, 'माग गेले तेव्हाच जायला पाहिजे होतं.' मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो वय झालं की असंच असतं. मी घरी विड्या वळते. त्यांना चालवू की बसवू? आणि दुसऱ्या खड्याचं ऑपरेशन करून टाकावं का?

— एक वाचक, सोलापूर

ताई,

तुम्ही शेवटी दोन प्रश्न विचारलेत, पण माझी नजर पत्राच्या मधल्या एका ओळीवर अडकली. तीन आठवड्यांनी काढायची नळी नऊ आठवडे आत आहे. बाकीचं सगळं नंतर बोलू. आधी उद्या सकाळी ज्यांनी ती ठेवली त्यांना फोन करा आणि याच आठवड्यात काढायची वेळ घ्या. मालक नको म्हणतील. म्हणू द्या.

ही नळी म्हणजे डीजे स्टेंट. मऊ, पेनातल्या रिफिलपेक्षा बारीक, दोन्ही टोकांना गोल वळलेली. वरचं टोक किडनीत, खालचं मूत्राशयात. लेझरने खडा फोडला की मूत्रनळी आतून सुजते, सूज उतरेपर्यंत लघवीला वाट राहावी म्हणून ती ठेवतात. काम झालं की काढतात. ज्यांच्या लघवीत मुळातच खडे धरतात, त्यांच्या नळीवरही तीच पुटं चढायला लागतात, आणि जितके दिवस जास्त, तितकी पुटं जास्त. माझ्या मोठ्या दिरांची नळी चौदा महिने राहिली. ज्या दवाखान्यात ठेवली तिथे कुणी तोंडाने सांगितलं नाही, डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एक ओळ होती, ती ओळ घरात कुणी वाचली नाही. मी तेव्हा नोकरीत होते, रोज दुसऱ्यांची कार्डं वाचत होते, आणि घरातलं एक कार्ड कपाटात पडून होतं. शेवटी नळीच्या दोन्ही टोकांना खडा धरला होता. पाच-दहा मिनिटांचं काम होतं, त्याची दोन ऑपरेशनं झाली.

तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. नऊ आठवड्यांत बहुतेकांची नळी सहज निघते. आधी एखादा एक्स-रे काढून बघतील, मग लघवीच्या जागी बधिर करणारी जेली घालून बारीक दुर्बिणीने ओढून घेतील. पाच-दहा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. मालकांना हे आधी सांगा, कारण पुरुषमाणसं याच गोष्टीला घाबरून तारखा चुकवतात आणि कारण भलतंच सांगतात. ३३ वर्षं वॉर्डात काढलीत मी, 'गावाला लग्न होतं' हे किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही.

आता ती गुलाबी लघवी. माणूस चालायला लागला की नळीचं खालचं टोक मूत्राशयाच्या आतल्या बाजूला घासतं. त्याने थोडं रक्त येतं. सारखी लघवीची भावना होते, जळजळ होते, लघवी करताना कुशीत ओढल्यासारखं होतं. यातलं काहीच खडा हलल्याचं लक्षण नाही. मालकांनी त्या दिवशी दत्त नगरपर्यंत चालून काही बिघडवलं नाही, नळी आपलं अस्तित्व दाखवत होती. पाणी पिऊन, थोडं टेकून बसलं असतं तर बहुधा दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली असती. हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. त्यांनी आपल्या मनाने हिशोब मांडला: चाललो, रक्त आलं, म्हणजे चालायचं नाही. माणूस शहाणा आहे म्हणूनच असा हिशोब मांडला, फक्त त्यातला एक आकडा त्याला कुणी दिलाच नव्हता.

लघवी लालभडक झाली, त्यात गाठी दिसल्या, लघवी तुंबली, किंवा थंडी वाजून ताप आला, तर मात्र सकाळची वाट बघू नका. खडा किंवा नळी आत असताना हुडहुडी भरून ताप येणं म्हणजे तुंबलेल्या लघवीत जंतू गेले असण्याची शक्यता. त्या रात्रीच दवाखाना.

आता दुसरी गोष्ट, आणि हीसुद्धा थांबायची नाही. 'तेव्हाच जायला पाहिजे होतं' हे वाक्य तुम्ही पत्रात ओघात लिहिलंत. ते ओघात घेऊ नका. आज संध्याकाळी दोघंच असाल तेव्हा त्यांना सरळ विचारा, 'जीव नकोसा झालाय का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?' असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही चुकीची समजूत आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. हो म्हणाले, किंवा नुसतेच गप्प राहिले, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. सिव्हिलमध्येही तो विभाग आहे. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. फोन तुम्हीही करू शकता, त्यांनीच करायला पाहिजे असं नाही.

मुलगा म्हणतो वय झालं की असंच असतं. नसतं असं. म्हातारपणात केस पिकतात, चाल मंदावते, पण पहाटे तीनला उठून भिंतीकडे बघत बसणं, जेवणावरून मन उडणं, बोलणं बंद होणं हे दोन आठवड्यांच्या वर चाललं तर ते उदासपणाचं दुखणं आहे. त्याला औषध आहे, आणि ते साठीनंतरही लागू पडतं. मुलाला हे पत्र वाचायला द्या.

दवाखान्यात जाताच आहात तर आणखी एक काम करा. कान तपासून घ्या. यंत्रमागाच्या शेडमध्ये ३८ वर्षं काढलेल्या माणसाला नीट ऐकू येत असेल तर मला नवल वाटेल. खडखडाटात ही माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलायला शिकलेली असतात. घरात आल्यावर समोरच्याचं अर्धं ऐकू येत नाही, दोनदा 'काय?' विचारून माणूस कंटाळतो, तिसऱ्यांदा मान हलवून मोकळा होतो. लोकांना वाटतं बोलत नाहीत. मी पाहिलंय, कानात यंत्र बसलं आणि घरातली अर्धी उदासी ओसरली. थायरॉइड आणि बी-१२ ही रक्ततपासणीही सांगतील, ती करा. ही दोन्ही कमी असली तरी मन असंच बसतं.

तर आता तुमचा प्रश्न, चालवू की बसवू.

चालवा. नळी निघाली की दोन-तीन दिवसांनी, डॉक्टरांना एकदा विचारून. किडनीत खाली बसलेला ५ मिलिमीटरचा खडा चालण्याने बिथरत नाही. आणि समजा कधी हललाच, तरी बसून राहण्याने तो थांबणार नव्हता. लेझरनंतर जो बारीक चुरा उरतो तो पडायला चालणं आणि पाणी ही मदतच होते.

पण मला यापेक्षा दुसरंच सांगायचंय. तुमचे मालक आयुष्यभर 'व्यायाम' नावाचं काही करायला गेले नसतील. गरजच नव्हती. चार माग सांभाळणारा माणूस पाळीभर फेऱ्या घालत असतो. इथे धागा तुटला, माग थांबव, गाठ मार, तिकडे धोट्यातली कांडी संपली, बदल, परत पहिल्या मागाकडे. दिवसाला किती मैल होत असतील कोण जाणे, आणि त्या प्रत्येक फेरीला कारण होतं. शेडमध्ये शेजारच्या मागावरचा माणूस होता, दुपारी बाहेर चहा होता, आठवड्याचा पगार होता. माग भंगारात गेले तेव्हा पगाराबरोबर ती फेरीही गेली, आणि पगाराबद्दल सगळे बोलले, फेरीबद्दल कुणी बोललं नाही. त्यावर मे महिन्यात खडा आला, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून प्रेमाने सांगितलं, आता आराम करा. ज्याला दोन वर्षं आरामच चावत होता त्याला आपण आणखी आराम लिहून दिला.

मी स्वतः २०१७ मध्ये निवृत्त झाले. पहिला पावसाळा मी खिडकीत काढला. वॉर्डातली फेरी नव्हती, 'सिस्टर' म्हणून हाक मारणारं कुणी नव्हतं, पहाटे चारला उठून बसायची सवय तेवढी राहिली होती. सुनेने एक दिवस कंबर तलावावर फिरायला नेलं. मला राग आला होता, सांगते. दुसऱ्या दिवशी मात्र मीच चप्पल घालून बसले. त्यामुळे मालक पहिल्या दिवशी चिडले तर मनाला लावून घेऊ नका.

हा नुसता माझा अनुभव नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९९९ मध्ये पन्नाशीच्या पुढच्या १५६ उदास रुग्णांचे तीन गट केले. एकाला गोळ्या, एकाला आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली चालणं-धावणं, एकाला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. गोळ्यांचा गुण सुरुवातीला लवकर आला, चालणाऱ्यांचा सावकाश. याचा अर्थ डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या कपाटात टाका असा नाही. मालकांची झोप आणि जेवण इतकं गेलंय की गोळ्या लागतीलही, आणि लागल्या तर त्यांच्या आधाराने ते उठतील आणि चालतील. गोळी आणि चप्पल दोन्ही एकाच दाराशी ठेवा.

कसं सुरू करायचं ते सांगते. 'फिरायला जा' म्हणू नका. त्या वाक्याला हा माणूस उठणार नाही, कारण नुसतं फिरणं त्याला उनाडपणा वाटतो. काम सांगा. तुम्ही वळलेल्या विड्या द्यायला जाता ना, पिशवी त्यांच्या हातात द्या. पहिला आठवडा अर्ध्या वाटेपर्यंत येऊ दे, मध्ये कट्ट्यावर टेकू दे, तुम्ही देऊन येईपर्यंत थांबू दे. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण. मग सकाळचं दूध त्यांच्याकडे. दहा मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला पाच वाढवा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं सांगते, पण तो आकडा भिंतीवर लिहून ठेवू नका, नाहीतर आठवड्याच्या शेवटी हिशोब चुकल्याचंच दुःख होतं. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत वेग पुरे.

पासष्टीनंतर चालण्याइतकंच पायांच्या ताकदीला आणि तोलाला महत्त्व आहे, कारण पडून मांडीचं हाड मोडलं की मग खरंच खुर्ची येते. ज्या खुर्चीत ते बसलेत तीच वापरा. हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं, दहा वेळा. विड्या वळताना तुम्ही मोजा. भिंतीला बोट लावून एका पायावर दहा आकडे उभं राहायचं. बस्स. खडा पडावा किंवा नळीचा त्रास कमी व्हावा म्हणून टॅम्सुलोसिनची गोळी दिली असेल तर एक जपा: त्या गोळीने उठल्याबरोबर गरगरतं. पहाटे पलंगावरून एकदम उभं राहायचं नाही, कडेला मिनिटभर बसायचं, मग पाय टाकायचा.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. इतकी वर्षं मालक रथामागे चालत आले असणारच, पूर्व भागातला मागावरचा माणूस त्या दिवशी घरात बसत नाही. अजून पाच-सहा आठवडे आहेत हातात. त्यांना आत्ता काही सांगू नका, तुम्ही मनात धरून ठेवा. पूर्ण मिरवणूक नाही, एक टप्पा. रथ घराजवळून जाईल तिथून पुढच्या चौकापर्यंत.

दुसऱ्या खड्याचं ऑपरेशन आत्ता नको, असं माझं मत. निर्णय अर्थातच डॉक्टरांचा, पण त्यांना विचारायचे प्रश्न तुमच्याकडे तयार असू देत. किडनीत गप्प बसलेला ५ मिलिमीटरचा खडा, दुखत नसेल, लघवी अडवत नसेल, जंतूही नसतील, तर त्यावर नजर ठेवतात: सहा महिन्यांनी सोनोग्राफी, मग वर्षातून एकदा. मूत्रनळीत उतरलेला ५ मिलिमीटरपर्यंतचा खडा दहातल्या सहा-सात जणांचा आपोआप पडतो. ५ ते १० मधला साधारण निम्म्यांचा. वाढला तर उपाय आहेत. बाहेरून लहरी सोडून फोडतात, दुर्बिणीने वर किडनीपर्यंत जाऊन लेझर मारतात, आणि २ सेंटिमीटरच्या पुढचा असेल तर पाठीतून छोट्या छिद्राने काढतात. मी १९८४ मध्ये नोकरीला लागले तेव्हा खड्याचा पेशंट म्हणजे कुशीवर वीतभर चीर आणि दहा दिवस वॉर्डात. जर्मनीत म्युनिकला १९८० मध्ये लहरींनी खडा फोडायला सुरुवात झाली होती, पण आमच्या वॉर्डात त्याची तेव्हा नुसती चर्चा होती. आता पेशंट दुसऱ्या दिवशी चहा पिऊन घरी जातात, म्हणून तर नळी आत आहे हेही विसरतात.

विचारायचं ते हे: फोडलेल्या खड्याचा तुकडा तपासायला पाठवला होता का, आणि तो कशाचा निघाला? बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, ते औषधाने विरघळत नाहीत. पण युरिक ॲसिडचा असेल तर लघवीतली आम्लता कमी करणाऱ्या औषधाने तो विरघळू शकतो, आणि मग ऑपरेशनचा प्रश्नच उरत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि युरिक ॲसिड बघून घ्या. खर्चाचं म्हणाल तर दवाखाना महात्मा फुले योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतो, काय बसतं काय नाही ते आधी त्याला विचारा.

आणि पुन्हा कळ आलीच तर घरात पडलेली दुखण्याची गोळी मनाने देऊ नका. डायक्लोफिनॅकसारखी औषधं या कळेवर चांगली चालतात, पण रक्तदाब असलेल्या किंवा किडनी थोडी मंद असलेल्या माणसाला तीच बाधतात. किती, कोणती, हे आधीच लिहून घ्या.

आता पाणी. सोलापुरात मुतखडा घरटी का दिसतो, तर बोअरचं जड पाणी, असं सगळे सांगतात. त्या पाण्याला मी इतकं दोषी धरत नाही. खरं कारण घाम. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, वर पत्र्याची शेड, आत माग आणि माणसं, आणि पाणी प्यायला माग सोडून जायचं म्हणजे कापड बुडणार. अंगातलं पाणी घामाने जातं, लघवी घट्ट होते, आणि घट्ट लघवीत खडा धरतो. मालकांच्या किडनीतला खडा त्या शेडमधून आलेला असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

म्हणून उपायही तोच. दिवसाला लघवी दोन ते अडीच लिटर झाली पाहिजे. किती प्यालो यापेक्षा किती बाहेर आली ते महत्त्वाचं, कारण घाम मध्ये वाटा घेतो. इटलीत खडा एकदा होऊन गेलेल्यांवर पाच वर्षं नजर ठेवून पाहिलं, भरपूर पाणी पिणाऱ्यांत १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, नेहमीसारखं पिणाऱ्यांत २७ टक्के लोकांना. इतकं स्वस्त औषध मी दुसरं पाहिलं नाही. नळाला रोज पाणी येत नाही हे मला माहीत आहे, मीही इथलीच. पण तीन बाटल्यांनी कुणाची टाकी रिकामी होत नाही. एक लिटरची बाटली घ्या, तिच्या गळ्याला सकाळी विडीच्या दोऱ्याचे तीन वेढे बांधा, एक बाटली संपली की एक दोरा सोडायचा. रात्री झोपताना तांब्याभर पाणी नको, अर्धा ग्लास पुरे, नाहीतर रात्रभर उठबस. त्यांना हृदयाचं दुखणं किंवा पायाला सूज असेल तर मात्र पाण्याचं माप आधी डॉक्टरांकडून घ्या. ताई, तुम्ही विड्यांचं सूप मांडीवर घेऊन दिवसभर बसता, तुमच्या बाटलीला पण दोरे बांधा.

दूध बंद केलंत ते आजच सुरू करा. खड्यात कॅल्शियम असतं म्हणून कॅल्शियम तोडायचं, हा हिशोब दिसायला बरोबर आणि निघतो उलटा. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि संडासवाटे बाहेर नेतं. कॅल्शियम कमी पडलं की ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तात जातं, लघवीत उतरतं. दूध, दही, ताक जेवणाबरोबर द्या. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र स्वतःहून नको. टोमॅटो आणि वांगं बिचारे उगीच बदनाम आहेत. बियांचा खडा होत नाही. पालक, राजगिरा, चाकवत, बीट हे कमी, आणि केलंच तर दह्यासोबत. मीठ मात्र खरंच कमी करा, कारण मीठ लघवीत कॅल्शियम ओढून आणतं. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे, संध्याकाळचं फरसाण यात ते लपलेलं असतं. मटण रविवारपुरतं. लिंबू रोज, पाण्यात पिळून, मीठ-साखर न घालता.

हुलग्याचं माडगं करत असाल तर करा, पातळ आणि मीठ बेताचं. त्याने खडा विरघळतो असं म्हणायला पक्का आधार नाही, पण एक वाटी पातळ पदार्थ पोटात जातो हे काय कमी आहे. पानफुटी बंद. नणंदबाईंना माझं नाव सांगा, राग माझ्यावर निघू दे. त्या पानात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात, आणि या वयात हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर ते नको त्या वेळी अंगावर येतं.

राहिली शेंगा चटणी. शेंगदाण्यात ऑक्झलेट असतं, हे खरं. पण जो माणूस अर्धी भाकरी टाकून उठतोय त्याच्या ताटातली शेंगा चटणी काढून घेणं हे मला पटत नाही. अख्ख्या सोलापुरात कडक भाकरी चटणीशिवाय कुणी गिळलीय? एक चमचा, वर दोन चमचे दही, मीठ कमी घालून घरी कुटलेली. बरणी खालच्या फळीवर आणून ठेवा, त्यांचा हात पोहोचेल अशी, म्हणजे घ्यायला उठतील.

नळी निघाली की दोन ओळी लिहा.